चॅपलच्या कुरणातले लोखंड

माझी शेजारीण ग्लेनिस प्रॉसर हिला आमच्या ॲशहोप गावात दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक म्हणजे तिने नोकरीची सगळी वर्षे या खोऱ्यात टपाल वाटले, आणि दुसरी म्हणजे ती जे बोलते ते ठामपणे बोलते. आज पाऊस नाही असे ती म्हणाली की लोक कपडे वाळत घालतात. पाऊस आलाच तर ती म्हणते, "हा पाऊस नव्हे, नुसतं दव आहे," आणि लोक मुकाट्याने ओले कपडे काढून आत नेतात.

टपाल वाटता वाटताच तिला यंत्राचा नाद लागला. लांब दांडा, त्याच्या टोकाला थाळी आणि कानांवर हेडफोन. थाळी जमिनीलगत फिरवायची, खाली धातू असला की आवाज येतो. इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या आमच्या डोंगराळ भागात हा नाद असलेली माणसे पुष्कळ आहेत. शेते रिकामी झाली की त्यांचा हंगाम सुरू होतो, आणि वसंतात गवत वर आले की संपतो. उभ्या गवतात किंवा पिकात कोणी पाऊल टाकत नाही. तेवढे महिने ही मंडळी सोडून दिलेल्या कोंबड्यांसारखी घराभोवती फिरत असतात.

या नादात सगळ्यात मोलाची गोष्ट यंत्र नव्हे, तर जमीनमालकाची परवानगी. ती कागदावर नसते. गेटवर उभे राहून हात मिळवायचा, नाताळात घरी केलेली एक बाटली नेऊन द्यायची, आणि वर्षभर त्या शेताची गेटं बंद ठेवायची. परवानगी माणसाची असते, जमिनीची नव्हे. मालक गेला की तीही जाते, आणि नव्या मालकाकडून पुन्हा मिळवावी लागते.

ग्लेनिसला परवानगी होती ती इद्रिस गॉफच्या शेताची, आणि तिथे तिचा जीव होता चॅपलच्या कुरणात. तिच्या मागच्या अंगणाची दगडी भिंत संपली की ते कुरण सुरू होते. कधी काळी तिथे चॅपल, म्हणजे लहानसे प्रार्थनामंदिर होते म्हणतात. नेमके कुठे, हे कोणालाच ठाऊक नाही. त्या कुरणात ग्लेनिसला पट्ट्याचे बक्कल सापडले होते, शिशाची चकती सापडली होती, आणि एकदा चांदीच्या जुन्या नाण्याचा अर्धा तुकडा. सुट्टे नसले की त्या काळी लोक नाणेच कापून देत. उरलेला अर्धा त्याच कुरणात आहे, अशी ग्लेनिसची खात्री.

"तो अर्धा सातशे वर्षांपूर्वीच खर्च झाला," तिचा नवरा डेस म्हणायचा. डेस दगडाच्या खाणीतून निवृत्त झालेला, बोलायला सावकाश.

"खर्च करणाऱ्याच्या खिशाला भोक होतं," ग्लेनिस म्हणायची. "मला माहीत आहे."

गेल्या जानेवारीत इद्रिस वारला. शेत मुलीकडे आले. रोवेना शहरातली नोकरी सोडून परत आली होती, आणि एकटीने गाई सांभाळत होती. ग्लेनिस दफनविधीला गेली, केक दिला, परवानगीचा विषय काढला नाही. घरात दुःख असताना आणि गाई विताना असले विचारायचे नसते. मग गवत वर आले, हंगाम संपला आणि यंत्र कपाटात गेले.

हंगाम नसला की ग्लेनिसचा मुक्काम अंगणात. भिंतीलगत तिची खुर्ची, समोर तिपाईवर दुर्बीण. निवृत्तीच्या वेळी टपालातल्या लोकांनी भेट दिलेली. कोपऱ्यात हेजहॉगसाठी डेसने केलेली लाकडी पेटी. संध्याकाळी तो काटेरी प्राणी बाहेर येऊन मांजराचे खाणे खातो आणि मांजर बघत बसते. कुरणातून ससे जातात. यंदाच्या वसंतात तिथे एक गप्पीदास पक्षी आला होता. काळे डोके, नारिंगी छाती, आणि दोन गोटे एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज. कुरणाच्या मधोमध बसायचा, खाली झेप घेऊन किडा उचलायचा, आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसायचा.

"कशावर बसतो तो?" डेसने एकदा विचारले होते.

"गेल्या वर्षीचा वाळका दांडा असेल रानपालकाचा," ग्लेनिस ठामपणे म्हणाली होती, आणि तो विषय तिथेच संपला होता.

मेच्या शेवटी एका दुपारी रोवेना भिंतीपलीकडे येऊन उभी राहिली. बूट चिखलाने भरलेले, चेहरा ओढलेला.

"मिसेस प्रॉसर, तुमचं ते यंत्र अजून चालतं का?"

"यंत्र चालतं, मीही चालते. डेसचं मात्र सांगवत नाही. ये, चहा घे."

"चहा नको. दाताळ्याचा एक दात तुटलाय." तिने दोन्ही हातांनी लांबी दाखवली. कोपरापासून मनगटापर्यंत. "मार्चमध्ये ट्रॅक्टरला लावून या कुरणात फिरवलं, मग ते शेडमध्येच होतं. आज धुवायला काढलं, तर एक जागा रिकामी. परवा गवत कापायला माणूस येतोय."

याचा अर्थ ग्लेनिसला सांगावा लागला नाही. दात म्हणजे बोटाएवढा जाड पोलादी गज. कापणीच्या यंत्राची पाती त्यावर आपटली की पाती जातात, आणि तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. एखादा तुकडा गवताच्या गठ्ठ्यात गेला तर तो हिवाळ्यात गाईच्या पोटात जातो, आणि पोटातून हृदयाकडे सरकतो. खोऱ्यात अशा गाई गेलेल्या होत्या.

"उद्या संध्याकाळपर्यंत सांगते," ग्लेनिस म्हणाली. "असला तर हातात देईन. नसला तर नाही म्हणून सांगेन. पण रोवेना, एक बोलायचं होतं."

"परवानगीचं ना? बाबा देत होते, माहीत आहे. मी बाबा नाही. बॉल्डरवुडच्या शेतात तुमच्यातल्या लोकांनी काय केलं ते बघितलंय मी. खड्ड्यात पाय जाऊन त्यांची कालवड लंगडी झाली."

"खड्डा उघडा टाकून जाणारा माझ्यातला नसतो."

रोवेनाने थोडा विचार केला. "ठीक आहे. कुरण स्वच्छ आहे असं तुम्ही सांगायचं. पाती शाबूत राहिली, तर हिवाळ्यात कुरण तुमचं. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"चालेल," ग्लेनिस म्हणाली. सौदा तिला इतका सोपा वाटला की रोवेना गेल्यावर तिने डेसला सांगितले, "हिवाळ्यासाठी नवीन मोजे आणायला हवेत."

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच कुरणात उतरली. गवत गुडघ्याला लागत होते. तिने बांबूच्या काठ्या रोवून पट्टे आखले आणि एकेक पट्टा संपवत गेली, थाळी गवतावर दाबत, सावकाश, एकही हात जागा न सोडता. डेसने भिंतीवरून चीजचे सँडविच दिले, ते तिने चालता चालता खाल्ले. एक बटण मिळाले, चॉकलेटची चांदी मिळाली, शिशाचा एक गोळा मिळाला. शेवटचा पट्टा संपला तेव्हा उन्हे कलली होती.

रोवेना गेटवर वाट पाहत होती.

"तुझ्या कुरणात दात नाही," ग्लेनिस म्हणाली. "दुसरीकडे कुठेतरी पडला असेल."

"नक्की?"

"पोरी, मी सांगतेय ना."

रोवेनाचे खांदे खाली आले. बाप गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर कोणी हसू पाहिले नव्हते, ते त्या संध्याकाळी जरासे दिसले. तिने गेटवरून हात पुढे केला. "मग हिवाळ्यात या."

ग्लेनिस घरी आली ती इंग्लंडची राणी असल्यासारखी. डेसने साइडरचा, सफरचंदाच्या दारूचा, डबा उघडला. मेमधले दिवस मोठे असतात, अंगणात अजून छान उजेड होता. वाऱ्याने हेजहॉगच्या पेटीची दोरी सैल झाली होती. ती घट्ट करायला ग्लेनिस वाकली, आणि भिंतीला टेकवलेले यंत्र मध्ये येत होते म्हणून तिने ते एका हाताने बाजूला सरकवले. यंत्र अजून चालूच होते, हेडफोन गळ्यात. थाळी पेटीच्या लोखंडी खुंटीवरून गेली.

आवाज आला नाही.

तिने पुन्हा खुंटीवरून थाळी फिरवली. काही नाही. डेसच्या साइडरच्या ॲल्युमिनियमच्या डब्यावर धरली, तर यंत्र किंचाळले. पुन्हा खुंटीवर, आणि पुन्हा शांतता. मग ती खुर्चीत बसली.

जुनी जमीन खिळ्यांनी भरलेली असते. नालाचे खिळे, दाराचे खिळे, कुंपणाचे खिळे. प्रत्येक खिळ्यासाठी वाकले तर माणसाची कंबर एका हिवाळ्यात जाते. म्हणून या नादातला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात आपले यंत्र लोखंडाला बहिरे करून ठेवतो. त्याची एक कळ असते. ग्लेनिसने ती कळ कधीची फिरवली होती आणि त्यानंतर तिला हात लावला नव्हता. ती कळ आहे हेच ती विसरली होती.

डेसने सगळे पाहिले. डबा खाली ठेवला.

"म्हणजे दिवसभर तू लोखंड शोधत फिरलीस," तो म्हणाला, "आणि यंत्राला सांगून ठेवलं होतंस, की लोखंड दिसलं तर बोलू नकोस."

"तू गप्प बस."

"गप्पच आहे. यंत्रासारखा."

ग्लेनिसने यंत्र बंद केले. मग डेसच म्हणाला, "सकाळी उजाडलं की जा. कळ फिरव, दात शोध, खिशात घाल. रोवेनाला कळायचं काय कारण?"

"आणि नाही सापडला तर? ती माझ्या शब्दावर यंत्र घालेल त्या गवतात."

"परवानगी जाईल."

"मला काय सांगतोस? फोन आण."

फोनवर तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "रोवेना, ग्लेनिस बोलतेय. कुरण स्वच्छ आहे म्हणून मी सांगितलं, ते धरू नकोस. माझं यंत्र लोखंडाला बहिरं करून ठेवलेलं होतं, आणि मी ते बघितलं नाही. दात तिथेच असू शकतो."

रोवेना पलीकडून म्हणाली, "दोन तासांपूर्वी तर छातीठोकपणे सांगत होतात."

"हो. तसंच सांगितलं मी."

"माणूस सकाळी नऊला येतोय. शुक्रवारपासून पाऊस. त्याला परत पाठवला तर तो पंधरा दिवस मिळायचा नाही."

"परत पाठवू नकोस. त्याला आधी वरच्या उतारावर घाल. खाली येईपर्यंत दुपार होईल. तोवर मी शोधते."

"आणि हात मिळवला होता तो मी मागे घेतला, मिसेस प्रॉसर."

"घे," ग्लेनिस म्हणाली. "उजाडलं की मी कुरणात असेन."

सकाळी तिने कळ फिरवली आणि गेटातून आत पाऊल टाकले. यंत्र ओरडले. दुसऱ्या पावलाला ओरडले, तिसऱ्यालाही. इतकी वर्षे जे तिने ऐकले नव्हते ते सगळे एकदम बोलू लागले होते. त्या प्रार्थनामंदिराच्या छपराचे खिळे असतील, कुंपणांचे असतील, इद्रिसच्या आजोबांच्या घोड्यांचे असतील. प्रत्येक आवाज तपासायचा तर मंदिर पुन्हा उभे राहील, पण गवत कापून व्हायचे नाही.

ती परत अंगणात आली तेव्हा डेस टोस्टला लोणी लावत होता.

"सोडलंस?"

"बसून विचार करतेय."

ती खुर्चीत बसली. सवयीने डोळे कुरणाकडे गेले. गप्पीदास कुंपणाच्या खांबावर बसून गोटे आपटल्यासारखा बोलत होता. ग्लेनिस त्याच्याकडे बघत राहिली.

"हा एप्रिलमध्ये कुठे बसायचा?"

"मधोमध," डेस म्हणाला. "रोज. तुझ्या त्या वाळक्या दांड्यावर. गवत वाढलं तेव्हा खांबावर आला."

"आणि कुरणावर दाताळं कधी फिरलं?"

"मार्चमध्ये ना? ती म्हणाली की."

ग्लेनिस उठून उभी राहिली. "डेस, दाताळं फिरवल्यावर गेल्या वर्षीचा वाळका दांडा उभा राहतो का?"

डेसच्या हातातला टोस्ट तसाच राहिला. दाताळे फिरवतात ते वाळके गवत आणि दांडे उपसून काढायलाच. त्यानंतर कुरण विंचरल्यासारखे साफ होते. सहा आठवडे ती दुर्बिणीतून त्या दाताकडेच बघत होती. जमिनीत रुतून मोडलेला, चार-पाच बोटे वर राहिलेला. काल तिची थाळी त्याच्यावरूनच गेली असणार, आणि गवताने तो झाकला होता.

पावणेनऊला रोवेना आली. तिने नमस्कार-चमत्कार केला नाही. "सापडला?"

"अजून नाही. पण कुठे आहे ते माहीत आहे. यंत्र तू घे."

"मी?"

"मला दुर्बिणीवर बसायचंय. ही तिपाई मी वसंतभर हलवलेली नाही. फरशीवर तिच्या पायांच्या खुणा पडल्यात. पक्षी बसायचा तो दुर्बिणीत पलीकडच्या वाळलेल्या ॲश झाडाच्या खोडाच्या बरोबर खाली दिसायचा. तू या खुर्चीपासून त्या खोडाकडे सरळ चालत जायचं. वाकडी झालीस की मी सांगेन. हेडफोन काढला की आवाज बाहेर येतो. फोन कानाला लाव."

"यंत्र चालवायचं कसं?"

"जेवताना चमचा फिरवतेस तसं. लहान ओरडलं तर सोड, खिळा असतो. दात गाईसारखा हंबरेल."

रोवेनाने तिच्याकडे असे पाहिले की ग्लेनिस आणखी एक शब्द बोलली असती तर तिने यंत्र भिंतीवर आपटले असते. पण वरच्या उतारावर ट्रॅक्टरचा आवाज सुरू झाला होता. ती भिंत ओलांडून गवतात उतरली.

"डावीकडे सरक," ग्लेनिस फोनवर सांगत होती. "एवढं नको. आता सरळ. ओरडतंय का?"

"ओरडतच आहे हे."

"कसं?"

"माझ्या आत्यासारखं."

"मग खिळा. चालत राहा. तुझ्या आत्याला मी ओळखते."

डेसने तोंडावर हात ठेवला. दुर्बिणीत रोवेना पाठमोरी चालली होती, गवत दोन्ही बाजूंना दुभंगत होते. ॲशचे खोड तिच्या डोक्यावर बरोबर उभे होते. मग ती थांबली. थाळी मागे नेली, पुढे आणली, पुन्हा मागे नेली. फोनमधून दुरूनही तो आवाज ऐकू आला, खोल आणि लांब.

"हंबरलं," रोवेना म्हणाली.

ती खाली वाकली आणि गवतात दिसेनाशी झाली. ग्लेनिसने दुर्बीण घट्ट धरली. वरच्या उतारावरचा ट्रॅक्टर वळून कुंपणाजवळ आला, पुन्हा लांब गेला. मग रोवेनाचा हात गवतातून वर आला. हातात दात होता, टोकाला माती, बाकी गंजून लाल.

 तो हात तसाच वर होता.

"मिळाला," ती शेवटी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ग्लेनिस, इथे अजून एक ओरडतंय. छोटं आहे. उकरू?"

"खिळा आहे तो. आणि उभ्या गवतात उकरायचं नसतं, पोरी. परत ये."

रोवेना भिंतीवर बसून चहा प्यायली. दात तिने मांडीवर आडवा ठेवला होता आणि अंगठ्याने त्याची माती काढत होती. 

"मी हात मागे घेतला होता," ती म्हणाली.

"घेतला होतास."

"बॉल्डरवुडच्या शेतातल्या लोकांनी फोन केला नव्हता." तिने कप खाली ठेवला. "हिवाळ्यात या. पण माझी एक अट आहे. लोखंडसुद्धा काढायचं. जे ओरडेल ते. चांदी मिळेपर्यंत खिळे सोडत जायचं नाही. माझ्या गाईंच्या पोटात चांदी जात नाही."

ग्लेनिसला बोलायला शब्द मिळत नाही, हे मी आणि डेसने एकदाच पाहिले आहे, ते त्या सकाळी. मी माझ्या अंगणातून पाहत होतो, मधले कुंपण बुटके आहे. तिने कुरणाकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले. त्या जमिनीत किती आवाज आहेत ते तिने उजाडतानाच ऐकले होते.

"कंबर जाईल हिची," डेस म्हणाला. आनंद त्याला लपवता येत नव्हता.

"माझी कंबर उत्तम आहे," ग्लेनिस म्हणाली आणि हात पुढे केला.

दुपारी कुरण कापले गेले. पाती शाबूत राहिली. शुक्रवारी पाऊस आला, तो येणार हे ग्लेनिसने आधीच सांगितले होते, असे ती म्हणते.

आता नोव्हेंबर आहे. ग्लेनिस दर शनिवारी कुरणात असते, आणि संध्याकाळी खिळ्यांची बादली रोवेनाच्या अंगणात रिकामी करते. कधीकधी रोवेनाही दुसरे यंत्र घेऊन तिच्या शेजारच्या पट्ट्यात चालते. उरलेला अर्धा अजून मिळालेला नाही. पण एका कोपऱ्यात खिळे फार दाट आहेत. मंदिराचे दार तिथेच होते, असे ग्लेनिसचे म्हणणे, आणि दारात माणूस खिशात हात घालतो. पबमध्ये यंत्रवाली मंडळी जमली की ती त्यांना सांगते, लोखंड सोडून देणारे लोक आळशी असतात, मी नेहमीच असे म्हणत आले आहे. कोणी तिला आठवण करून देत नाही.

दात रोवेनाने तिलाच दिला. तो तिने भिंतीजवळ, दुर्बिणीच्या समोर, बरोबर तेवढीच बोटे वर ठेवून रोवला आहे. सध्या त्याच्यावर कधी रॉबिन बसतो, कधी चिमणी.

"गप्पीदास काही येत नाही," डेस परवा म्हणाला.

"एप्रिलमध्ये येईल," ग्लेनिस म्हणाली. "जागा त्याची आहे."